नऊ नंबरच्या चिठ्ठ्या

मंगळवार, १० तारीख

सगळं बदललं ते आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, मी एंटर दाबलं तेव्हा. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण मशीन ती नोंदवून ठेवतं. मी घड्याळाकडे बघत नव्हतो. मी लढाई जिंकल्यासारखा खुर्चीत रेललो होतो.

ताई म्हणाली, काय काय केलंस ते क्रमाने लिहून काढ. ती ऑफिसच्या वहीबद्दल म्हणत होती. तिथे लिहायला हात उचलत नाही, म्हणून इथे.

आमचं ऑफिस म्हणजे जिना चढून एक खोली आणि तीन टेबलं. खिडकीपाशी साहेब, ज्यांचं हे सगळं आहे. दारापाशी ताई, जिला खरं काम येतं. मधे मी. दोघंही मला तोफ म्हणतात. तिसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलच्या तासाला एक जण तिच्यावरून काहीतरी बोलला आणि मी कीबोर्ड उचलून भिरकावला. तो त्याला लागला नाही, भिंतीवरच्या पडद्याला लागला. माफी माग म्हणाले. मागितली नाही. कॉलेज तिथेच संपलं. ती म्हणजे ताई नव्हे, ती. नाव इथेही लिहिणार नाही. आई खोली आवरते.

काम असं. मोठ्या हॉस्पिटलात रक्ताच्या आजारांचा एक बंद वॉर्ड आहे. अठरा खाटा. जंतू जातात म्हणून नातेवाइकांना आत सोडत नाहीत, फोन नेता येत नाही, बाहेरचा कागदसुद्धा नाही. घरचे हॉस्पिटलच्या वेबसाइटवर मजकूर लिहितात, तो एका सर्व्हिसकडे जमा होतो, आणि आमचा प्रोग्राम तो तिथून घेऊन वॉर्डाच्या प्रिंटरवर चिठ्ठी छापतो. चार वाजता सिस्टर चिठ्ठ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून खाटांवर वाटतात. आमच्या प्रोग्रामने मजकूर घेतला की सर्व्हिस आपल्याकडचा पुसून टाकते. खासगी गोष्टी आहेत, कुणी साठवायच्या नाहीत, असा नियम. लिहिणाऱ्याला 'पोहोचला' असं दिसतं.

तारेतून अक्षरं जात नाहीत, आकडे जातात. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, याची यादी दोन्ही टोकांना एकच लागते. एकतीस तारखेला सर्व्हिसवाल्यांनी काहीतरी बदल केला आणि 'आम्ही अमुक यादी वापरतोय' हे मजकुरासोबत सांगायचं बंद केलं. यादी कुठली ते सांगितलेलं नसेल तर आमचा प्रोग्राम एक जुनी, छोटी यादी धरून चालतो. मग चिठ्ठीवर कचरा. डोक्यावर रेघ असलेला इंग्रजी ए, त्याच्यापुढे गोल किड्यासारखी खूण, पुन्हा ए, पुन्हा किडा. हॉस्पिटलने आधी शाई बदलली, मग प्रिंटर बदलला, मग काल आम्हाला फोन केला. तोवर सिस्टरनी एकही चिठ्ठी वाटली नव्हती. अकरा दिवसांचे एकशे त्रेचाळीस मजकूर आमच्या डेटाबेसमध्ये पडून होते.

चूक मला पाऊण तासात सापडली. हे खरं आहे आणि आता त्याला काही अर्थ नाही. कचरा दिसतो तेव्हा आत काही बिघडलेलं नसतं. आकडे शाबूत असतात, फक्त चुकीच्या यादीवरून वाचलेले. मी एका मजकुराला बरोबर यादी लावली. पडद्यावर स्वच्छ अक्षरं आली. ताई म्हणाली, आधी सगळ्याची प्रत काढून ठेव. मी म्हणालो, दोन मिनिटांचं काम आहे, प्रत काढायला दहा मिनिटं जातील. ती म्हणाली, जाऊ देत की. मी ऐकलं नाही. नवा डेटाबेस केला, सगळे मजकूर दुरुस्त करून त्यात भरले, जुना पुसला. एंटर.

आमच्या मशीनवर नवा डेटाबेस जुन्या छोट्या यादीवरच बनतो, वेगळं सांगितलं नाही तर. मी सांगितलं नव्हतं. त्या यादीत आपलं एकही अक्षर नाही. जे बसत नाही त्याच्या जागी मशीन मुकाट्याने प्रश्नचिन्ह ठेवतं.

कचरा परत वाचता येतो. प्रश्नचिन्ह परत वाचता येत नाही. त्याचा आकडा त्रेसष्ट. एकशे त्रेचाळीस लोकांनी घरच्या माणसाला जे काही लिहिलं ते सगळं आता त्रेसष्ट, त्रेसष्ट, त्रेसष्ट.

मला काही वाटलं नाही. पायाला मुंग्या आल्या की पाय दुसऱ्या कुणाचा वाटतो, तसं अंगभर. ताईने प्रोग्राम बंद केला, कुठलातरी फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला आणि तो पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकला. माझ्याविरुद्ध पुरावा असेल.

जिचं नाव लिहिणार नाही, तिला आज सतरावा मेसेज पाठवला. दोन खुणा आल्या. पोहोचला. उत्तर नाही. गेल्या महिन्यात वॉर्डातलं काम करून निघालो तर ती हॉस्पिटलच्या फाटकापाशी उभी होती. हातात थर्मास, केस कसेतरी बांधलेले. मी विचारलं, कुणासाठी? ती म्हणाली, आत्ता नको. कुणीतरी शिकाऊ डॉक्टर असणार हे मला तिथल्या तिथे कळलं. मग मी जे बोललो ते रस्त्यापलीकडच्या फळवाल्यालाही ऐकू गेलं. ती बसमध्ये चढली. माणूस इतकं गप्प कसं बसू शकतं?

बुधवार, ११

ताई सुट्टीवर. साहेबांनी हॉस्पिटलला सांगितलं, जरा उशीर होतोय.

मी दिवसभर प्रश्नचिन्हं बघत बसलो. अंक, स्वल्पविराम आणि पूर्णविराम त्या छोट्या यादीत असतात, म्हणून तेवढे वाचलेत. ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं आणि मधेच कुठे 102, कुठे 4.30. ताप असेल. बसची वेळ असेल.

खाट नऊ, एकतीस तारीख. तेवीस ओळी प्रश्नचिन्हं आणि खाली दहा आकड्यांचा फोन नंबर.

तो नंबर मला पाठ आहे.

नऊ नंबरला अकरा चिठ्ठ्या आहेत, रोज एक. पहिली तेवीस ओळींची, मग वीस, मग चौदा. मग चार-चार, पाच-पाच ओळी. कालची फक्त एवढी:

??? ???.

माझं नाव लिहिलं तर मशीनला पाच खुणा लागतात. मी पाच प्रश्नचिन्हांचे शब्द मोजले. अकरा चिठ्ठ्यांत सत्तर निघाले. ते सगळे मी असणं शक्य नाही, एवढं मलाही कळतं. पण एखादा असेल.

तिच्या घरचं कुणीतरी तिथे आहे. तिने सांगितलं नाही. मी विचारलं नव्हतं असं नाही. मी दुसरं विचारत होतो.

गुरुवार, १२

ताई आली, पर्स उघडली आणि पेन ड्राइव्ह माझ्या टेबलावर ठेवला. आमचा प्रोग्राम तारेवरून आलेले आकडे जसेच्या तसे, काही न वाचता, एका फाइलीत टिपून ठेवतो. ही सोय तिने कधीतरी करून ठेवली होती. फाइल भरली की जुनं पुसून वर नवं लिहिलं जातं, म्हणून मंगळवारी तिने आधी प्रोग्राम बंद केला. काल घरी बसून तिने बघितलं. सहा ते दहा तारखेचे मजकूर निघतात. एकतीस ते पाच गेले ते गेलेच.

मी विचारलं, मंगळवारीच का नाही सांगितलंस?

"नक्की नव्हतं," ती म्हणाली. "आणि तुला आशा दाखवली असती तर तू पुन्हा काहीतरी दाबलं असतंस, तोफ."

सासष्ट मजकूर निघाले. बरोबर निघाले का, हे बघायला वाचावे लागतील, असं मी म्हणालो. माझा आवाज मलाच विचित्र वाटला. ताई म्हणाली, काही वाचायचं नाही. आकड्यांची अक्षरं कर, अक्षरांचे पुन्हा आकडे कर, मूळ आकड्यांशी जुळले की झालं. दुसऱ्याचं पत्र न फोडता तपासता येतं. तिला नंबराबद्दल मी काही सांगितलेलं नाही. तरी हे सांगताना तिने पडदा भिंतीकडे वळवून ठेवला.

सासष्टच्या सासष्ट जुळले. त्यात नऊ नंबरचे पाच.

दुपारी वॉर्डात जाऊन दुरुस्त केलेला प्रोग्राम बसवला. वॉर्डाला दोन दारं आहेत आणि मधे एक छोटी खोली. प्रिंटर तिथे. बाहेरचं दार नीट लागल्याशिवाय आतलं उघडतच नाही. आतल्या दारावर दिवा आहे, तांबड्याचा हिरवा होतो. मधल्या खोलीत बाहेरचा माणूस असला की सिस्टर आतून काचेमागे उभ्या राहून भिंतीतल्या फोनवर बोलतात.

"काय प्रिंटरवाले," म्हणाल्या, "आज तरी तुमचं यंत्र माणसासारखं बोलणार का?"

बोललं. आज आलेल्या चार चिठ्ठ्या स्वच्छ छापल्या. सिस्टरनी खाटांचे नंबर वाचले आणि विचारलं, नऊची नाही? नाही. मंगळवारनंतर नऊसाठी काही आलेलंच नाही.

मग त्यांनी सांगितलं. नऊ नंबरला एक गृहस्थ आहेत. सोमवारी त्यांना मुलीचा बोन मॅरो द्यायचा आहे. मुलीच्या तपासण्या झाल्या, तिची सही झाली. यांची होत नाही. महिनाअखेरीस त्यांनी सिस्टरकरवी मुलीला निरोप धाडला होता की बाळ, तुझ्या अंगातलं काढून मला नको, तुला मनापासून वाटत असेल तरच लिही. त्यानंतर चिठ्ठी नाही. डॉक्टरांनी सांगितलं ती तयार आहे, सिस्टरनी सांगितलं प्रिंटर बिघडलाय. ते म्हणतात, तुम्ही सगळ्यांना तसंच सांगता. रोज चार वाजता उठून बसतात. कालपासून उठत नाहीत.

"सोमवारी दहापर्यंत सही झाली नाही तर रद्द. मग पुन्हा कधी, ते मोठे डॉक्टर जाणोत," सिस्टर म्हणाल्या. "पोरगी रोज बाहेरच्या खोलीत बसून असते. आज यंत्र सुरू झालं तरी लिहीत कशी नाही कोण जाणे."

मी म्हणालो, प्रिंटर आता ठीक आहे.

शिकाऊ डॉक्टराचं मी खोडणार नाही. मागच्या पानावर आहे तसंच राहू दे.

शनिवार, १४

काल साहेब बाहेरगावी होते, त्यांना विचारल्याशिवाय निघालेल्या चिठ्ठ्या देता येत नव्हत्या. आज आले. मी त्यांना सगळं सांगितलं, नऊ नंबरचं धरून, फक्त फोन नंबर सोडून. म्हणालो, पाच दिवसांच्या चिठ्ठ्या निघाल्यात, आजच छापून देऊ आणि आधीच्या ज्यांच्या गेल्या त्यांना पुन्हा लिहायला सांगू.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट माणूस नाहीत. मला कुणी उभं करत नव्हतं तेव्हा त्यांनी टेबल दिलं. ते म्हणाले, पाच दिवसांच्या दिल्या की सहा दिवसांच्या कुठे आहेत असं विचारतील. काहीच दिलं नाही तर सर्व्हिसच्या बदलात गेल्या असं म्हणता येतं. आणि बदल झालाच की, खोटं थोडंच आहे? तू तसा अहवाल लिही, खाली सही कर, मी पाठवतो. प्रोग्राम तुझ्या हातात होता, सही तुझीच लागेल.

मी ओरडेन असं ताईला वाटलं असावं. तिने माझ्यासमोरचा पाण्याचा ग्लास उचलून स्वतःच्या टेबलावर नेऊन ठेवला. पण मी ओरडलो नाही. कीबोर्डही जागेवर राहिला. आतून काही वर येतच नव्हतं. बघू म्हणालो.

"बघू काय?" साहेब म्हणाले. "या एका गोष्टीने आपली तिन्ही टेबलं जातील."

साहेब जेवायला गेल्यावर ताई म्हणाली, मी काय करावं हे ती सांगणार नाही, तिला दोन मुलं आहेत. एवढं बोलून ती डबा धुवायला गेली. परत आली तेव्हा पेन ड्राइव्ह माझ्या टेबलावर होता. सकाळी तो तिच्या पर्समध्ये होता.

तिला मेसेज लिहिला: तुझ्या बाबांना चिठ्ठ्या मिळालेल्या नाहीत, पुन्हा लिही. दोन खुणा. फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला, पुन्हा नाही. अठरावा मेसेज आणि पहिला कामाचा. ती सूड उगवतेय का? स्वतःच्या बापाच्या जिवावर?

रविवार, १५

काही केलं नाही. हॉस्पिटल घरापासून बसने वीस मिनिटांवर आहे.

जेवताना आई म्हणाली, बाबा विचारतायत, परीक्षेचा फॉर्म भरणार का. बाबा समोरच बसले होते. मी आईला म्हणालो, बाबांना सांग, नाही. आईने मान वळवली आणि सांगितलं. कीबोर्डच्या दिवसापासून आमच्या घरात हे असंच चालतं. बाबांनी आईला विचारलं, याची तब्येत बरी आहे ना. आईने मला विचारलं. बरी आहे, म्हणालो. आईने तेही सांगितलं आणि मग पोळी अर्धी टाकून उठली. तिला काय झालं कळलं नाही.

सोमवार, १६

साडेसातला ऑफिस उघडलं. कुणी नव्हतं. अहवाल लिहिला. दहाव्या ओळीपर्यंत साहेबांचाच होता: बदल, यादी, कचरा. अकरावी ओळ: नंतर मी प्रत न काढता डेटाबेस बदलला आणि मजकूर कायमचे गेले. बारावी: पाच दिवसांचे परत मिळाले आहेत, ते आज देत आहे. सही केली आणि हॉस्पिटलला धाडला. एंटरच होतं. काही वाटलं नाही. किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली.

पावणेनऊला हॉस्पिटलात पोहोचलो. वॉर्डाबाहेरच्या खोलीत प्लॅस्टिकच्या आठ खुर्च्या आणि नातेवाइकांसाठी एक कंप्युटर. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत. थर्मास पायाशी. मला बघून तिने डोळे मिटले, भांडी पडण्याचा आवाज यायच्या आधी मिटतात तसे.

अठरा मेसेजांत मी काय काय म्हणालो होतो आणि आज काय म्हणायचं ठरवलं होतं, त्यातलं काही आठवेना. मी उभ्याउभ्याच सांगितलं. तुझी एकही चिठ्ठी त्यांना मिळालेली नाही.

"पोहोचला दाखवत होतं," ती म्हणाली. "रोज."

"पोहोचला म्हणजे आमच्या मशीनपर्यंत. त्यांच्यापर्यंत नाही."

तिने विचारलं, कुणामुळे. मी म्हणालो, आधी दुसऱ्यांची चूक होती, मग माझी. पहिल्या सहा गेल्या, त्या कुणालाच परत आणता येणार नाहीत. शेवटच्या पाच माझ्याकडे आहेत, आत्ता छापतो.

"वाचल्यास?"

"नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. विश्वास ठेवायचा का, हे ठरवत होती असं नाही. मी कोण हे आठवत असावी.

"गेल्या मंगळवारची देऊ नकोस," ती म्हणाली. "दहा तारखेची. त्यांना वाटेल मी रागावले. मी रागावलेच होते. मला वाटलं, वाचतायत आणि गप्प बसलेत." मग म्हणाली, "तुझे मेसेज मी उघडलेच नाहीत. हॉस्पिटलचा फोन येईल म्हणून चालू ठेवते फक्त."

मी बरं म्हणालो.

"एवढंच होतं?"

एवढंच नव्हतं. मी म्हणालो, एवढंच. ती उठून कंप्युटरपाशी गेली. खुर्ची पुढे ओढली आणि लिहायला लागली. मागे वळून बघितलं नाही. मी बघत होतो म्हणून मला माहीत आहे.

मधल्या खोलीत पेन ड्राइव्ह लावला. बाहेरचं दार मी पायाने अडवून थोडं उघडं ठेवलं होतं, पलीकडून तिच्या बोटांचा आवाज येत होता. सहा, सात, आठ, नऊ तारखेच्या चार चिठ्ठ्या छापल्या. कागद पालथा बाहेर येतो, बरं आहे. इतरांच्या एकसष्टही काढल्या, खाटेप्रमाणे लावून सिस्टरच्या ट्रेमध्ये ठेवल्या. दहा तारखेची छापली नाही. पुसली. या वेळीही प्रत काढली नाही.

खिशात फोन थरथरत होता. साहेब. चार वेळा. मग ताईचा मेसेज: चहाबिहा घे काहीतरी.

सिस्टर आतून काचेमागे येऊन उभ्या राहिल्या. भिंतीतल्या फोनवर म्हणाल्या, साडेनऊ झाले, डॉक्टर कागद घेऊन आलेत, आहे का काही? थांबा, म्हणालो. बाहेर बोटांचा आवाज थांबला होता. मग प्रिंटरने कुरकुर केली आणि पाचवी चिठ्ठी आली.

छापणी नीट आहे का, हे बघावं लागतं. ते कामच आहे. मी कागद उलटा करता करता वर तळहात ठेवला आणि फक्त पहिलं अक्षर उघडं ठेवलं. बा. स्वच्छ, काळा, काना नीट जोडलेला. खाली बऱ्याच ओळी असाव्यात, तळहाताला कागद अजून गरम लागत होता. पाच प्रश्नचिन्हांएवढं नाव त्यात कुठे असेल का, असं मनात आलं. मग तेही राहिलं नाही.

चिठ्ठी पालथी करून चारांच्या वर ठेवली. सिस्टरनी काचेवर टकटक केलं आणि बोटाने दिवा दाखवला. तांबडा. मी आत आहे आणि माझा पाय दारात आहे तोवर तो तांबडाच राहणार.

पाय काढला. बाहेर आलो आणि दार लावलं.